बाटलीवरचं लांबलचक नाव आणि आपली गवारी



मागच्या दशलक्षण पर्वाच्या आधीची गोष्ट. दरवर्षीसारखं मी घर आवरायला काढलं होतं. स्वयंपाकघर झालं, देव्हारा झाला, शेवटी न्हाणीघराची पाळी आली. फळीवर सूनबाईची शांपूची बाटली होती. मी वाणिज्य शाखेची पदवीधर. इथे पेठ वडगावात आमच्या दुकानाच्या वह्या कितीतरी वर्षं मीच लिहिल्या. त्यामुळे बारीक अक्षर दिसलं की चष्मा लावून वाचायचं, ही सवय काही सुटत नाही. बाटली उलटी केली आणि मागची यादी वाचायला लागले. पाणी कळलं, मीठ कळलं. मधेच एक नाव आलं ते एका दमात वाचता येईना. ग्वार हायड्रॉक्सीप्रोपिलट्रायमोनियम क्लोराईड.

माझ्या मनात आलं, एवढं लांब नाव म्हणजे काहीतरी भयंकरच असणार. सूनबाईला म्हटलं, "पर्वाच्या दिवसांत असलं रसायन घरात नको ग. हाडाचं असतं की चरबीचं, कुणाला ठाऊक?" ती काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून ती बाटली फळीवर दिसेना. तिने ती आपल्या कपाटात ठेवली होती. न्हायला जाताना पदराआड नेत होती आणि परत आणून ठेवत होती, हे मला नंतर कळलं. फळीवर माझी एकटीचीच बाटली उरली. तिच्यावर पानाफुलांचं चित्र आणि मोठ्या अक्षरांत 'हर्बल' असं लिहिलेलं.

आठ-दहा दिवसांनी माझी भाची आली. ती औषधनिर्माण शिकलेली आहे. मी मोठ्या तोऱ्यात तिला ते नाव लिहून दाखवलं. ती हसायलाच लागली. म्हणाली, "मावशी, पहिला शब्द तरी नीट वाच की. ग्वार. अगं, गवारी आहे ती!"

दाण्याचं कूट घालून आपण जी भाजी करतो, तीच गवारी. मग मी या नावाच्या मागेच लागले. भाचीला विचारलं, पुस्तकं चाळली, जुन्या बातम्या वाचल्या. त्यातून जे कळलं, ते आज लिहिते. कारण मला वाटतं, ही चूक माझ्या एकटीच्या घरात झालेली नसणार.

आधी थोडं मागे जाऊ. माझ्या आजीला आम्ही आक्का म्हणायचो. आक्काच्या वेळी शांपू नव्हता. शिकेकाई, रिठा, आवळकाठी, नागरमोथा, वाळवलेली संत्र्याची साल असं सगळं उन्हात घालून, कुटून, चाळून ती डब्यात भरून ठेवायची. बंबाच्या गरम पाण्यात ती भुकटी भिजवली की फेस यायचा. शिकेकाईच्या शेंगेत आणि रिठ्याच्या सालीत सॅपोनिन नावाचा पदार्थ असतो. तो साबणासारखा फेस करतो आणि तेल-मळ सोडवतो. डोळ्यांत गेलं की आम्ही बोंब मारायचो, ती त्याचीच.

पण आक्काचं न्हाणं एवढ्यावर संपत नसे. आदल्या रात्री ती वाटीभर मेथी भिजत घालायची. सकाळी पाट्यावर वाटली की बुळबुळीत गोळा व्हायचा. तो केसांना चोळून धुतला की कंगवा सरसर फिरायचा. मेथी नसली तर जास्वंदीची पानं पाण्यात चोळून तो बुळबुळीत रस लावायची. म्हणजे तिच्या लेखी कामं दोन होती. एक मळ काढायचं आणि दुसरं, मळ काढताना रखरखीत झालेले केस पुन्हा मऊ करायचं. या दुसऱ्या कामाला आज कंडिशनिंग म्हणतात. शब्द नवा असला तरी काम आक्काच्या पाट्यावरचंच.

'शांपू' हा शब्दही तसा परका नाही बरं का. हिंदीत 'चाँपना' म्हणजे दाबणं, रगडणं. आपणही थकलेल्या माणसाचे पाय चेपतोच. पाटण्याला १७५९ मध्ये जन्मलेले शेख दीन मुहम्मद पुढे इंग्लंडला गेले आणि ब्रायटन या समुद्रकाठच्या गावात त्यांनी वाफेच्या स्नानाचं आणि अंग रगडण्याचं स्नानगृह चालवलं. त्याला ते 'शांपूइंग' म्हणत. चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम या इंग्लंडच्या दोन राजांचे ते अधिकृत शांपूइंग सर्जन होते. तिथे शब्दाचा अर्थ हळूहळू अंगावरून डोक्यावर सरकला आणि रगडण्याऐवजी केस धुणं असा झाला. तोच शब्द बाटलीत भरून आपल्याकडे परत आला.

आपल्या गावांत शांपू खऱ्या अर्थाने पोहोचला तो पुडीतून. तामिळनाडूतल्या कडलूरमध्ये चिन्नी कृष्णन आणि त्यांच्या घरच्यांनी शांपू छोट्या पुडीत विकायला सुरुवात केली. त्यांचाच मुलगा सी. के. रंगनाथन याने १९८३ मध्ये १५,००० रुपयांच्या भांडवलावर 'चिक' शांपू काढला. बाटली परवडत नव्हती त्यांना आठवड्याच्या न्हाण्यापुरती पुडी परवडली. आमच्या आठवडी बाजारात दुकानाच्या दारावर त्या पुड्यांच्या माळा लटकायला लागल्या, त्या मला चांगल्या आठवतात. शिकेकाई कुटायचा वेळ वाचला, आणि खरं सांगायचं तर आम्हां सुनांना ते हवंच होतं. दुपारभर उखळात कुटणाऱ्या बाईला पुडीचं सुख काय असतं, ते तिलाच ठाऊक.

पण शांपूचा एक दोष होता. तो मळाबरोबर केसांचं स्वतःचं तेलही घेऊन जातो. आपला केस दिसतो एक सरळ धागा, पण त्यावर माशाच्या खवल्यांसारखे एकावर एक पापुद्रे असतात. केस ओला झाला, तेल गेलं की त्याच्यावर ऋण विद्युतभार जास्त राहतो. सारख्या भाराच्या वस्तू एकमेकींना दूर ढकलतात. म्हणून धुतलेले केस फुगतात, भुरभुरतात आणि कंगवा अडकतो. शाळेत कंगवा केसांवर घासून कागदाचे कपटे उचलायचा खेळ आपण खेळलोय, त्यातलाच हा प्रकार. आता ऋण भाराला चिकटून बसायला धन भाराचं काहीतरी हवं. ते बसलं की पापुद्रे खाली दबतात आणि कंगवा फिरतो. शांपू करणाऱ्यांना असा पदार्थ हवा होता, जो शांपूतच मिसळता येईल आणि पाणी ओतल्यावर सगळाच्या सगळा वाहून जाणार नाही. गवारी इथे कामाला आली.

आता गवारीची कथा ऐका. आपल्याकडे परसात चार ओळी लावायच्या, कोवळ्या शेंगा तोडायच्या, एवढीच तिची ओळख. राजस्थान, हरियाणा, गुजरातच्या कोरड्या भागात मात्र ती एकरांनी पिकते. पाऊस कमी झाला तरी तग धरते आणि मुळांवरच्या गाठींतून जमिनीला नत्र देते. पूर्वी तिथे ती मुख्यतः जनावरांची वैरण होती. आज जगातली जवळजवळ ८० टक्के गवार भारतात पिकते आणि त्यातली बहुतेक राजस्थानात. जोधपूर हे तिच्या कारखानदारीचं मोठं ठिकाण आहे.

शेंग जून होऊन वाळली की आत बारीक कडक दाणे मिळतात. दाण्याचे तीन भाग असतात, वरचं टरफल, मधला पांढरा गर आणि आतला अंकुर. गिरणीत टरफल आणि अंकुर वेगळे काढतात. त्यांची चुरी आणि कोरमा होतो, तो जनावरांच्या खुराकात जातो. उरलेल्या पांढऱ्या डाळीचं पीठ म्हणजे गवार गम. चिमूटभर पीठ पेलाभर पाण्यात घातलं तर पाणी घट्ट, बुळबुळीत होतं. कारण ते पीठ साखरेच्या दोन जातींच्या लांबच लांब साखळ्यांचं बनलेलं असतं. मॅनोजची साखळी आणि तिला मधे मधे लटकलेलं गॅलेक्टोज. या साखळ्या पाणी धरून ठेवतात. आईस्क्रीमच्या डब्यावर ४१२ हा आकडा दिसला तर समजा, आत गवारी आहे.

हा डिंक जगाच्या बाजारात गेला तो दुसऱ्या महायुद्धामुळे. तोवर पाश्चात्त्य कागद कारखाने कॅरोब नावाच्या झाडाच्या बियांचा डिंक वापरत. तो भूमध्य समुद्राकाठच्या देशांतून यायचा. युद्धात तो रस्ता बंद झाला. पर्याय शोधता शोधता अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांचं लक्ष गवारीकडे गेलं. हिंदुस्थानातून तिचं बी १९०३ मध्येच तिथे नेलं होतं, पण तेव्हा कुणाला तिचा उपयोग कळला नव्हता. १९५० नंतर गवार गमचे कारखाने उभे राहिले. कागद, कापडछपाई, खाण, खाद्यपदार्थ अशा सगळ्या ठिकाणी वैरणीचं हे पीक जाऊन बसलं. 'ग्वार' हा इंग्रजी शब्दही आपल्या इकडूनच गेलेला आहे.

आता त्या लांबलचक नावाकडे येते. गवार गमची साखळी मुळात ना धन ना ऋण. ती केसावर फार वेळ टिकत नाही. रसायनशास्त्रज्ञांनी त्या साखळीला जागोजागी नायट्रोजनचा एक छोटा गट जोडला. त्या गटावर कायमचा धन भार असतो. नावातलं 'ट्रायमोनियम' ते हेच. 'हायड्रॉक्सीप्रोपिल' म्हणजे त्या गटाला साखळीशी बांधणारा दुवा. आणि 'क्लोराईड'? तो धन भाराचा जोडीदार. आपल्या मिठातही हाच क्लोराईड असतो. ज्या शब्दाला मी विष समजले होते, तो रोज आमटीत पडतो!

शांपूत हा पदार्थ अगदी थोडा लागतो. शंभर ग्रॅम शांपूत साधारण ०.१ ते ०.५ ग्रॅम. शांपू घट्ट असतो तोवर तो विरघळलेला राहतो. आपण डोक्यावर तांब्याने पाणी ओतलं, शांपू पातळ झाला, की तो फेसाच्या द्रव्याशी जोडी करून बाहेर पडतो आणि केसांवर पातळ थरासारखा बसतो. धुताना निघून जाण्याऐवजी धुतानाच चिकटायचं, ही त्याची खुबी.

हे कळल्यावर मी भाचीला विचारलं, "मग आक्काची मेथी?" तिचं उत्तर ऐकून मला फार आनंद झाला. मेथीचा बुळबुळीतपणाही त्याच दोन साखरांच्या साखळीचा. मेथीत मॅनोज आणि गॅलेक्टोज जवळजवळ सारखे, गवारीत दोनास एक, आणि कॅरोबमध्ये चारास एक. म्हणजे या तिघी सख्ख्या बहिणी. आक्का पाट्यावर वाटत होती ती थोरली, आणि सूनबाईच्या बाटलीत होती ती मधली, शिकून नोकरीला लागलेली. फरक एवढाच, की मेथीला धन भार नसल्याने ती बरीचशी धुऊन जाते आणि केसांत तिचे कण अडकून बसतात, ते वेगळंच. मेथी लावून ओलेत्याने लग्नाला गेलेल्या बाईला विचारा.

पण खरं तेच लिहायचं तर हेही सांगायला हवं. तो नायट्रोजनचा गट गवारीच्या शेतात उगवत नाही. तो कारखान्यात तयार होतो आणि त्याचं मूळ खनिज तेल-वायूच्या रसायनांत असतं. तेव्हा हा पदार्थ 'शंभर टक्के निसर्गाचा' असं कुणी म्हटलं तर तेही खरं नाही. धड शेतातला नाही आणि धड प्रयोगशाळेतलाही नाही, दोन्हींच्या मधला. पण प्राण्याचा नक्की नाही, आणि माझा आक्षेप तर तोच होता.

माझ्यातल्या जमाखर्च लिहिणारीला या कथेतला एक भाग फार आवडला, तोही सांगते. अमेरिकेत खडकात अडकलेलं तेल आणि वायू काढायला वाळू मिसळलेलं पाणी प्रचंड दाबाने जमिनीत सोडतात. वाळू तळाशी बसू नये म्हणून पाणी घट्ट करावं लागतं, आणि त्यासाठी गवार गम लागतो. २०११-१२ मध्ये ही मागणी एवढी वाढली, की एरवी क्विंटलला दोन-तीन हजारांच्या आसपास विकलं जाणारं गवारीचं बी ३०,००० रुपयांच्या वर गेलं आणि गम एक लाखाच्या घरात. सट्टा इतका माजला, की सरकारच्या वायदे बाजार आयोगाने मार्च २०१२ मध्ये गवारीचे वायदे बंद केले. ते मे २०१३ मध्ये पुन्हा सुरू झाले. आपण मंडईत पावशेर गवारी घेताना दोन रुपयांसाठी घासाघीस करतो, त्या शेंगेने जगाचे तेलवाले रांगेत उभे केले होते!

गवारीचं कोडं सुटलं तेव्हा भाची म्हणाली, "मावशी, आता तुझी बाटली आण." मी मोठ्या विश्वासाने आणली. तिने मागची यादी वाचली, एका ठिकाणी बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. हायड्रोलाईज्ड सिल्क. पुढे बारीक अक्षरांत 'रेशमाची प्रथिनं'.

मैत्रिणींनो, रेशीम कसं काढतात हे आपल्याला ठाऊक नाही असं नाही. अळी स्वतःभोवती एकाच अखंड धाग्याचा कोष विणते. तिचा पतंग होऊन तो बाहेर पडला तर कोषाला भोक पडतं आणि धागा तुटतो. म्हणून त्याआधीच कोष उकळत्या पाण्यात किंवा वाफेत घालतात. एका साडीला असे हजारो जीव लागतात. कोष न मारता काढलेलं 'अहिंसा सिल्क' हैदराबादच्या कुसुम राजय्या यांनी तयार केलं, पण बाजारातलं बहुतेक रेशीम तसं नसतं. त्याच रेशमाचे तुकडे करून, पाण्यात विरघळेल असं प्रथिन बनवतात आणि केस चमकावेत म्हणून शांपूत घालतात. नाव किती गोड! ऐकायला मऊ, बोलायला मऊ. मी ते वर्षानुवर्षं डोक्याला लावत होते. पर्वातसुद्धा. आणि गवारीला दाराबाहेर काढत होते.

त्या दिवशी मला काही खाववलं नाही. चूक एका बाटलीची नव्हती. मी नावाच्या आवाजावरून न्याय केला होता. जे नाव कडक लागलं ते पाप आणि जे मऊ लागलं ते पुण्य.

मग बाकीची नावंही तपासली. 'केरॅटिन' म्हणतात ते शिंग, खूर, पिसं आणि लोकर ज्याची बनतात तेच प्रथिन. आपल्या हातकणंगले तालुक्यात पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाची यात्रा भरते, तिथे धनगर बांधव लोकर उधळतात. मेंढी जिवंत ठेवून कातरलेली लोकर वेगळी आणि कत्तलखान्यातली पिसं वेगळी. पण बाटलीवर नुसतं 'केरॅटिन' लिहिलेलं असतं, ते कुठून आलं हे लिहिलेलं नसतं.

याच्या अगदी उलट आहे 'सिटाईल अल्कोहोल'. हा कंडिशनरमधला नेहमीचा मेणासारखा पदार्थ. अल्कोहोल म्हणजे दारू नव्हे. मिशेल शेवरूल या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८१७ मध्ये तो देवमाशाच्या डोक्यातल्या मेणापासून वेगळा केला. 'सिटाईल' हा शब्दच देवमाशाच्या लॅटिन नावावरून आला. म्हणजे नावात देवमासा आहे. आज मात्र हा पदार्थ बहुतेक पाम आणि खोबऱ्याच्या तेलापासून किंवा खनिज तेलापासून करतात. व्यापारी देवमासेमारी थांबवण्याचा आंतरराष्ट्रीय निर्णय १९८२ मध्ये झाला आणि १९८६ पासून लागू झाला. आणि 'बेहेनट्रायमोनियम' नावाने घाबरू नका. बेहेनिक आम्ल हे नाव शेवग्याच्या बियांच्या तेलावरून पडलं. त्या तेलाला बेन किंवा बेहेन तेल म्हणत. आज ते मोहरीच्या जातीतल्या रेपसीडच्या तेलापासून काढतात. म्हणजे नावात शेवगा आणि बाटलीत मोहरी!

यावरून मला एक गोष्ट पटली. पदार्थाचं नाव जुनी गोष्ट सांगतं, किंवा त्याची रचना सांगतं. तो आज कुठून आला, हे नाव सांगत नाही. ते विचारावंच लागतं.

आणि विचारायचा हक्क आपल्याला सहज मिळालेला नाही. साबणाचंच पाहा. पूर्वी साबणात जनावराची चरबी सर्रास असायची. पहिल्या महायुद्धानंतरच्या वर्षांत मुंबईत अर्देशिर गोदरेज यांनी चरबीशिवाय, वनस्पती तेलापासून साबण केला. कितीतरी घरांत साबण आत आला तो त्यानंतर. १९८३ मध्ये वनस्पती तुपात गाईची चरबी मिसळल्याच्या बातम्यांनी देशभर गदारोळ झाला, तो माझ्या पिढीला आठवत असेल. आमच्या आत्याबाईंनी त्या दिवसापासून डालडाचा डबा घरात येऊ दिला नाही. खाण्याच्या पाकिटांवर हिरवा आणि तपकिरी ठिपका २००१ मध्ये सक्तीचा झाला. सौंदर्यप्रसाधनांवरही असं लिहिलं पाहिजे, असा निकाल दिल्ली उच्च न्यायालयाने २००२ मध्ये दिला. साबण कारखानदारांची संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २०१३ मध्ये सौंदर्यप्रसाधनांपुरता तो निकाल रद्द झाला. मग २०१४ मध्ये वेष्टनाच्या नियमांत साबण-शांपूवरच्या ठिपक्याचं कलम आलं. आज बऱ्याच बाटल्यांवर हिरवा ठिपका दिसतो. तो आधी पाहायचा. मी तोही पाहिला नव्हता. सूनबाईच्या बाटलीवर तो होता, माझ्या बाटलीवर नव्हता.

कुणी म्हणेल, एवढा विचार कशाला? आपले मुनी तर केशलोच करतात. हाताने केस उपटून टाकतात, तो त्यांच्या अठ्ठावीस मूलगुणांतला एक. ज्यांनी केसांचाच मोह सोडला, त्यांना शांपूचा प्रश्न पडत नाही. प्रश्न आपल्यासारख्या गृहस्थांना आहे. आपले शास्त्रकार गृहस्थाला सगळी हिंसा टाळ असं सांगत नाहीत. आरंभी, उद्योगी, विरोधी हिंसा संसारात थोडीफार होते, ती कमीत कमी करायची. पण संकल्पी हिंसा, म्हणजे जाणूनबुजून केलेली, ती पूर्ण सोडायची. कोष उकळतात हे माहीत नव्हतं तोवर माझं अज्ञान होतं. आता माहीत झाल्यावर तीच बाटली पुन्हा आणली तर त्याला अज्ञान म्हणता येणार नाही.

आणखी एक हिंसा मला दिसली. तिला शास्त्रात कुठला कप्पा आहे, मला ठाऊक नाही. एक तरुण मुलगी माझ्या बोलण्याला घाबरून आपली बाटली पदराआड लपवून न्हाणीघरात जात होती. माझ्याच घरात. धर्माच्या नावाखाली मी तिला चोरासारखं वागायला लावलं होतं.

दशलक्षणात तिसऱ्या दिवशी उत्तम आर्जव येतो. आर्जव म्हणजे सरळपणा, आत एक आणि बाहेर एक असं नसणं. त्या दिवशी मंदिरात बसले असताना मला दोन्ही बाटल्या आठवत होत्या. क्षमावणीच्या दिवशी आपण सगळ्यांची क्षमा मागतो. आमच्या घरी धाकट्यांनी आधी थोरांच्या पाया पडायचं, अशी रीत आहे. त्या वर्षी मी आधी सूनबाईला हाक मारली. म्हटलं, "उत्तम क्षमा. तुझी बाटली फळीवर ठेव. ती गवारीची आहे." ती आधी गोंधळली, मग तिचे डोळे भरले. आणि मग म्हणाली, "आई, पण गवारी अष्टमीला चालेल का?" आम्ही दोघी इतक्या हसलो, की आमचे हे बाहेरून विचारायला आले, काय झालं म्हणून.

माझी ती हर्बल बाटली मी टाकली नाही. न्हाणीघराच्या कोपऱ्यात उभी आहे, अर्धी भरलेली. वापरत नाही. पण नवीन काही विकत आणलं की आधी तिच्याकडे बघते आणि मग चष्मा लावते.

तुम्हीही एकदा आपापल्या फळीवरची बाटली उलटी करून बघा. हिरवा ठिपका आहे का बघा. सिल्क, केरॅटिन, कोलॅजेन, लॅनोलिन असे शब्द दिसले तर बाटलीवरच्या ग्राहक सेवा क्रमांकावर फोन करून सरळ विचारा, हे कुठून आलं. उत्तर मिळालं नाही, तर तेही एक उत्तरच आहे. आणि लांबलचक नाव दिसलं तर घाबरायच्या आधी, आणि घरातल्या कुणाला बोलायच्या आधी, पहिला शब्द नीट वाचा.

माझ्या लिहिण्यात काही चुकलं असेल तर मिच्छामि दुक्कडम्.